कै. रवी चेट्टी यांचा पिंपळ

२ जानेवारी, गुरुवार

छापलेला वार शनिवार आहे. खोडला. ही डायरी २०१६ची – ह्यांना कुणा सिमेंटवाल्याने दिलेली, कोरीच राहिली होती. तारखा चालतात, वार तेवढे खोटे. रोज एक वार खोडायचा आणि वर खरा लिहायचा. बाकी डायरीला काही झालेलं नाही.

संध्याकाळी पार्कात मुकुंदरावांनी गाठलं. आमच्या पार्क कमिटीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी समोरचा माणूस कर्ज मागायला आलाय अशाच नजरेने बघतात.

"वहिनी, यंदा पार्काला पन्नास वर्षं होतात. सव्वीस जानेवारीला इतिहासाचा बोर्ड लावायचा. इंग्रजी मेधा करतेय, त्यावरून तेलुगू बोर्डवाला करून घेईल. मराठी तुम्ही द्या लिहून. तुम्ही वाचता ना ते सगळं."

हो, वाचते ते सगळं.

नल्लकुंट्यासारख्या तेलुगू वस्तीत मराठी बोर्ड कशाला, असं विचारणार होते. पण कमिटीत पाचांतले तीन मराठी. विचारलं नाही.

जाता जाता म्हणाले, "आणि तो पश्चिमेचा पिंपळ काढायचं चाललंय. मुळांनी वॉकिंग ट्रॅक उचललाय. तिथे ओपन जिम येईल. रविवारी ठराव."

चपलेतला खडा काढून टाकावा तसं बोलले.

घरी येऊन कुकर लावला. आत पाणी घातलं नव्हतं, ते वास आल्यावर कळलं.

३ जानेवारी, शुक्रवार

पिंपळ ह्यांचा आहे. म्हणजे ह्यांनी लावलेला. कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ब्याण्णव साली आमच्या गच्चीच्या कठड्यात, नळाच्या पाइपामागे पिंपळ उगवला. घरात उगवलेला पिंपळ ठेवायचा नाही, घर फोडतो. उपटून टाकायचाही नाही, पाप लागतं. मग करायचं काय, तर दुसरीकडे नेऊन लावायचा – त्याने कुणाचंही घर फोडलं तरी ते आपलं नसतं. ह्यांनी रविवारचा अर्धा दिवस घालवून, छिन्नीने कठडा फोडून तो मुळासकट सोडवला. घर वाचवायला म्हणून. कठडा त्यानंतर कधी सरळ झाला नाही. डालडाच्या डब्यात घालून पार्कात नेला आणि पश्चिमेच्या फाटकाशी लावला.

पुढच्या वर्षी माझी आई आजारी पडली. सुजाता तेव्हा दोन वर्षांची. तिला घेऊन तीन महिने उदगीरला राहिले. आई गेली. परत आल्यावर संध्याकाळी पिंपळ बघायला गेले, तर तो लहान झालेला. जाताना माझ्या खांद्याला लागत होता, आता कमरेला.

"अहो, झाड खाली कसं गेलं?"

"मध्ये वाळलं होतं. पुन्हा फुटलंय," हे म्हणाले. "आजारी माणूस बारीक होतो की नाही?"

मला ते फार आवडलं होतं. आई उठली नाही, पण झाड उठलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याला एक तांब्या पाणी. आता ते तीन मजले वर गेलंय, माझ्या तांब्याने त्याचा घसा ओला होत नसेल. तरी घालते.

त्याच्याखालचं बाकडं ह्यांचं. सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसातून सुटले की बसने थेट तिथे. मी पुस्तक घेऊन जायची. पुस्तकंही हेच आणायचे, कोठीच्या फुटपाथवरून, मराठी मिळेल ते. पाककृती, भूगोल, कादंबरीचा फक्त दुसरा भाग. रोज विचारायचे, "आज कुठवर आलीस?" मग पान सांगायचं, गोष्ट सांगायची. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला कुणी रोज असं विचारत असेल, तर ती वाचणार नाही तर काय करील.

तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन. आता पान कुणी विचारत नाही. मी मनात सांगते.

४ जानेवारी, शनिवार

सकाळी सहा बायका पिंपळाला प्रदक्षिणा घालून गेल्या. त्यांतल्या दोघींचे नवरे उद्या ठरावावर सही करणार आहेत.

५ जानेवारी, रविवार

मीटिंग रेडिओच्या खोलीत झाली. पूर्वी तिथून भोंग्यावर बातम्या लागायच्या, आता खराटे असतात. मी कमिटीत नाही. इतिहास लिहिणार म्हणून खुर्ची मिळाली.

पिंपळाचा विषय निघाल्यावर मी बोलले. "ते झाड ह्यांनी लावलंय."

कुणाचा तरी फोन वाजला.

मुकुंदराव मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, हणमंतरावांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण काही पुरावा आहे का? कागद, फोटो? तसं म्हटलं तर उद्या प्रत्येक जण एकेक झाड सांगेल."

दोन वर्षांपूर्वी बाकड्यावर ह्यांच्या नावाची एक छोटी पट्टी लावू द्या म्हणून मी अर्ज केला होता, तेव्हाही हेच. एकाची लावली की सगळे मागतील. लोक पट्टी मिळावी म्हणून मरायला लागतील, अशी भीती असावी.

"बाकडं मात्र आम्ही टाकणार नाही हं," म्हणाले. "तिकडे हलवू. टॉयलेटच्या बाजूला जागा आहे."

पिंपळ काढण्याचा ठराव एकमताने मंजूर. माझं मत मोजायचं नव्हतं, त्यामुळे एकमतच.

६ जानेवारी, सोमवार

मेधा घरी आली. समोरच्या नव्या अपार्टमेंटात राहते, पुण्याची. कॉम्प्युटरचं काम घरूनच करते आणि उरलेल्या वेळात कमिटीची सेक्रेटरी. पोरगी चांगली आहे. पाया पडते आणि पडता पडता फोन बघते. काल मीटिंगच्या वेळी ती ऑफिसच्या कॉलवर होती, त्यामुळे तिला काहीच ठाऊक नाही.

"काकू, मला ओरल हिस्टरी करायचीय. म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडून. कुणाला विचारू?"

मी म्हटलं, यादगिरीला विचार. बागेचा माळी. चौतीस वर्षं इथेच आहे. कुठलं झाड कुणी लावलं, सगळं सांगेल. पश्चिमेचा पिंपळसुद्धा विचार.

मुद्दामच सांगितलं. माझ्या तोंडून आलं तर बाईची आठवण. त्याच्या तोंडून येऊन हिच्या फोनात गेलं तर पुरावा.

एकच काळजी – त्याला एकाच कानाने ऐकू येतं, आणि तो कान नेहमी दुसऱ्या बाजूला असतो.

७ जानेवारी, मंगळवार

इतिहासाचा कच्चा खर्डा.

आधी इथे कुंटा होता, म्हणजे तळं. काळं पाणी, म्हशी. मग लोकांनी त्यात राडारोडा टाकला. तळं बुजल्यावर सगळ्यांना ते आठवायला लागलं. मग पार्क झालं.

कारंजं. दोनदा उडालं. एकदा उद्घाटनाला आणि एकदा पाइप फुटला तेव्हा. दुसऱ्यांदा जास्त उंच गेलं होतं.

सिमेंटचा हत्ती. सोंडेवरून मुलं घसरतात. सोंड दोनदा तुटली, दोनदा बसवली. आता ती थोडी उजवीकडे वळते आणि मुलं पार्काबाहेर बघत खाली येतात.

शहाबादी फरशीची बाकडी अकरा. त्यांतल्या चारांवर देणगीदारांची नावं आहेत. देणगीदार कुणी त्यावर बसलेले मी पाहिले नाहीत.

हे सगळं बोर्डावर चालणार नाही म्हणे. मुकुंदरावांनी वाचून परत दिलं. "वहिनी, जरा गौरवास्पद करा."

९ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

संध्याकाळी बाकड्यावर होते. मेधा धावतच आली. "काकू, मिळालं! पिंपळ कुणी लावला ते मिळालं." तिने फोन पुढे धरला. त्यात आधी तिचा आवाज.

"अंकल, ये पेड किसने लगाया?"

"रावि चेट्टु, मेडम."

"कौन?"

"रावि. रावि चेट्टु."

"अच्छा! कैसे थे वो?"

"भोत बडा. भोत पुराना. सबकू साया देता."

"लोग मानते थे उनको?"

"हौ! शनिवारकू औरतां आते, पांव पडते, फेरे लगाते."

"और उनके घर में कौन है अभी?"

"घर में नक्को, मेडम. घर में रहे तो घर फोड देता. बाहरइच अच्छा."

मेधाने फोन बंद केला. डोळे पाणावले होते तिचे. "सॅड ना, काकू? फॅमिली लाइफ काही बरं नव्हतं त्यांचं. पण पब्लिकसाठी जगले. मिस्टर रवी चेट्टी. माझ्या आजोबांचंही असंच होतं."

आता कुणाला सांगू. तेलुगूत चेट्टु म्हणजे झाड. रावि चेट्टु म्हणजे पिंपळ. तिने विचारलं कुणी लावलं, त्या बहिऱ्याने सांगितलं कुठलं झाड. नल्लकुंट्यात दोन वर्षं राहून पोरीला एवढंही – असो. मी पदर तोंडात धरला. तिला वाटलं मला रडू आवरत नाहीये. पाठीवरून हात फिरवला तिने.

हसू ओसरलं आणि सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रॅकवरून मुकुंदराव आले. मेधाने त्यांना सांगितलं – काका, पिंपळ रवी चेट्टींनी लावलाय.

मुकुंदरावांचा जन्म इथला. तेलुगू त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. भाजीवालीशी रावि चेट्टु म्हणतच असतील. पण मेधाच्या तोंडून ते पुण्याहून इंग्रजीत जाऊन आलेलं होतं – मिस्टर रवी चेट्टी. आणि गल्लीतला मोठा माणूस आपल्याला माहीत नाही असं मुकुंदराव कसं म्हणणार?

दोन पावलं पुढे जाऊन परत आले. मग म्हणाले, "चेट्टी... हो, हो. चेट्टी. आमच्या वडिलांकडे यायचे. पांढरं धोतर, हातात छत्री."

मेधा लिहून घ्यायला लागली.

मग माझ्याकडे वळले. मायेने. "बघा वहिनी, पुरावा असा असतो. तुम्हाला मनापासून वाटत होतं, मी समजू शकतो. पण आठवणीचा काय भरवसा."

मी बोलणार होते. खरंच. एकच वाक्य लागलं असतं. पण तेवढ्यात मेधा म्हणाली, "काका, मग झाड कसं तोडणार? इतक्या मोठ्या माणसाची मेमरी आहे ती."

मुकुंदराव वर बघायला लागले. फांद्यांकडे. नको तो पाहुणा दारात उभा असल्यासारखं.

"तोडायचं कोण म्हणतंय?" म्हणाले. "चेट्टींचं झाड. ट्रॅक वळवून घेऊ."

मी तोंड मिटलं.

१० जानेवारी, शुक्रवार

ठराव मागे घेतला. एकमताने.

११ जानेवारी, शनिवार

बेंगलोरहून सुजाताचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रागावली.

"आई, बाबांचं झाड आणि बोर्डावर कुणी चेट्टी? तू गप्प बसलीस?"

"खरं सांगितलं तर मुकुंदरावांची छत्री उघडी पडेल. त्या रागात ते सोमवारी करवत आणतील."

"मग आणू दे! बाबांनी कधी खोटं चालवून घेतलं असतं का?"

नसतं. पार्सलच्या वजनात अर्ध्या किलोचा फरक आला तर हे बस चुकवायचे.

"आणि तूच मला मारलं होतंस," सुजाता म्हणाली, "प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच केली म्हणून. लिहिलेलं खोटं नसतं, म्हणायचीस."

म्हणायची खरी. ज्यांना आयतं वाचता आलं त्यांना छापलेल्याचं काही वाटत नाही. मी एकेक अक्षर कमवून तिथपर्यंत गेले. तिथे खोटं असेल असं मनातच आलं नाही, कितीतरी वर्षं.

"तुला झाड हवंय की नाव?" सुजाता.

दोन्ही, म्हणणार होते. कळेचना. बाकड्यावर बसल्यावर वरून पानांचा आवाज येतो, तो नावाला येत नाही. आणि नाव – ते आता घेणारं कोण आहे? मी तर ह्यांचं नाव कधी घेतलंच नाही. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढं.

"भात लागतोय," म्हटलं आणि फोन ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पिंपळात नऊ पतंग अडकलेत. मुकुंदराव तिळगूळ द्यायला आले आणि चेट्टींची आणखी एक आठवण देऊन गेले. छत्रीला आता चांदीची मूठ आली आहे. त्यांनी मुकुंदरावांना लहानपणी "हा मोठा होऊन नाव काढील" असंही म्हटलं होतं म्हणे.

मी विचारलं, "मग झाड कधी लावलं त्यांनी?"

"असेल की साठ-बासष्ट साली."

तेव्हा तिथे तळं होतं. पिंपळ पाण्यात लावला बहुतेक. एवढा मोठा माणूस, करू शकतो.

आमच्या इंदुताईंना, म्हणजे मला, हे सगळं ठाऊक होतं, तूच विचारलं नाहीस, असंही मेधाला सांगून झालंय त्यांचं. मला मान डोलवावी लागली.

१७ जानेवारी, शुक्रवार

मराठी मजकूर आज द्यायचा होता. सकाळपासून पाटावर कागद घेऊन बसले. तळं लिहिलं. कारंजं लिहिलं ("मनोहारी"). हत्ती लिहिला. पिंपळापाशी हात थांबला.

"हा पिंपळवृक्ष कै. रवी चेट्टी यांनी लावला."

सात शब्द. चार वेळा कागद फाडला. पहिल्यांदा "लावला असे म्हणतात" लिहिलं – भित्रं वाटलं. मग "या नावाने ओळखला जातो" – ते तर शंभर टक्के खरं झालं असतं, पण मेधा म्हणाली, "काकू, इंग्लिशमध्ये 'प्लांटेड' आहे, मॅच व्हायला हवं."

शेवटी लिहिलं. माझ्या अक्षरात. ह्यांनी जे अक्षर रोज संध्याकाळी विचारून विचारून वाढवलं, त्याच अक्षरात ह्यांचं नाव मी झाडावरून काढून घेतलं.

दुपारी जेवले नाही. पाणी घालायला मात्र गेले. बाकड्यावर बसून मनात म्हटलं, आज इथवर आले. पान नाही सांगितलं.

२० जानेवारी, सोमवार

मजकूर टाइप होऊन आला. मेधाने "पिंपल" केलं होतं. म्हणाली, "काकू, माझं शुद्धलेखन टेरिबल आहे, एकदा चेक करा." केलं. त्या वाक्यातली तेवढी एक चूक दुरुस्त केली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं, मग बोर्ड. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, पिंपळाच्या अगदी पायाशी. पार्कातली सगळ्यात महागाची वस्तू आता तीच.

मुकुंदराव पंधरा मिनिटं बोलले. चेट्टींनी तळं बुजवायला विरोध केला होता, हे आजच कळलं. भाषण सुरू होताना चेट्टी आठवणारे गल्लीत दोन होते. टाळ्या पडल्या तेव्हा पाच झाले. एका गृहस्थाला तर त्यांनी खांद्यावर बसवून फिरवलं होतं.

माझाही सत्कार केला. शाल. "इतिहासलेखिका" म्हणाले. शाल बरी आहे.

यादगिरी मागे पाण्याची नळी धरून उभा. त्याला वाचता येत नाही. गर्दी पांगल्यावर जवळ आला.

"क्या लिखे अम्मा उसमे?"

मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेले. "झाड का नाम लिखे. रावि चेट्टु."

"हौ," म्हणाला. "सही तो है." मग बोर्डाकडे बघून, "लगाया कौन, वो लिखे क्या?"

मी शाल सारखी केली. "वो नहीं लिखे."

त्याने मान हलवली. नळी उचलली आणि हत्तीकडे गेला.

माझ्याशिवाय ते झाड लावताना पाहिलेला एकच माणूस उरलाय, आणि त्याने विचारलं तर मी हे सांगितलं.

२८ जानेवारी, मंगळवार

बोर्डाला कुणी तरी हळदकुंकू लावलंय. बरोबर "कै."च्या वर.

२९ जानेवारी, बुधवार

बाकड्यावर दोन तास. पुस्तक उघडलं नाही. झाड आहे. सावली आहे. पानं तशीच वाजतात. मग मला एवढं रिकामं का वाटतंय? सौदा तर मीच केला, आणि फायद्यात केला.

मला सारखं वाटतं, हे विचारतील – "आज कुठवर आलीस?" – आणि मला सांगता येणार नाही.

३० जानेवारी, गुरुवार

यादगिरीची उद्या नोकरी संपते. जनगावकडे गावाला जाणार, मुलाकडे. कमिटीने निरोपसमारंभ ठेवलेला नाही, खर्च ग्रॅनाइटला झाला.

ठरवलं. त्याला तरी खरं सांगायचं. जगात निदान एका माणसापुढे मोठ्याने म्हणायचं, की हे झाड ह्यांचं होतं आणि मी ते वाचवायला ह्यांचं नाव सोडलं. त्याला कळेल. त्याने डालडाचा डबा पाहिलाय.

३१ जानेवारी, शुक्रवार

यादगिरी निरोप घ्यायला आला. पायरीवर बसवलं, चहा दिला, चांगल्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. बोर्ड झूठ है. झाड सार लगाये (ह्यांना तो सार म्हणायचा), तुमकू तो मालूम है.

त्याने कप पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "अम्मा, सार का झाड सूख गया था. तुम गांवकू गये थे ना, अम्मा बीमार थे तुम्हारे, वो साल. मैं दूसरा लाके लगाया. रेडिओ रूम की दीवार में निकला था. सार बोले, यादगिरी, अम्माकू कब्बी नक्को बोलो. उसकी मां मर गयी, झाड भी मरा बोलके कैसा बोलना."

आजारी माणूस बारीक होतो की नाही.

अर्ध्या किलोचं खोटं न चालवणारा माणूस. तीस वर्षं रोज त्या झाडाखाली बसून मला पान विचारत होता. आणि हा रोज नळी घेऊन बाजूने जात होता. लगाया कौन, वो लिखे क्या – बोर्डापाशी त्याने कुणाचं नाव विचारलं होतं, ते मला आज कळलं.

सहा वाजता दोघं पार्कात गेलो. रोजचा तांब्या मी त्याच्या हातात दिला. तो आधी घेईना, मग घेतला. वाकता वाकता म्हणाला, "बोर्डपे पानी गिरा तो चलता ना, अम्मा?"

चलता, म्हटलं.